बांधकाम परवानगीचा अर्ज: आधी टेप, मग नकाशा

अकरा वर्षं मी एका शहराच्या बांधकाम परवानगी विभागात नकाशे तपासायचं काम केलं. नंतर नोकरी सोडून लोकांचे अर्ज तयार करून द्यायला लागले, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. अडलेल्या फायली बहुतेक एकाच कारणाने अडतात: कागदावर एक, जागेवर दुसरंच. तपासणारा माणूस तुमच्या प्लॉटवर उभा नसतो. त्याला तुमची जागा दिसते ती तुमच्या कागदातूनच, आणि तो कागद खोटं बोलला की पुढचं सगळं कोलमडतं.

म्हणून सुरुवात टेपने करा. घराचं स्वप्न, खोल्यांची यादी, दर्शनी भागाचा रंग हे सगळं नंतर. एका जोडप्याने माझ्याकडे नकाशा आणला होता. मालकीच्या कागदावर प्लॉटची रुंदी १२ मीटर, नकाशाही त्यावरच बेतलेला: दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळी जागा आणि मध्ये ९ मीटरचं घर. मी जागेवर जाऊन मोजलं. समोरची रुंदी १२ मीटरच भरली, पण मागची ११.६०. म्हणजे मागच्या कोपऱ्यांशी दोन्हीकडे दीडऐवजी १.३० मीटरच उरत होते. १:१०० च्या नकाशात ४० सेंटिमीटर म्हणजे फक्त ४ मिलिमीटर. त्या ४ मिलिमीटरसाठी अख्खं घर नव्याने आखावं लागलं. बरं झालं, ते पाया खणायच्या आधी कळलं.

मोजताना चार बाजू घेऊन थांबू नका. दोन्ही कर्ण घ्या. चारही बाजू बरोबर असूनही प्लॉट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसू शकतो, आणि ते फक्त कर्णच सांगतात. कुंपणाची भिंत हीच हद्द असं धरू नका. भिंती आत-बाहेर सरकलेल्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. हद्दीबद्दल शंका असेल तर आधी अधिकृत मोजणी करून घ्या, मग पुढे जा. आणखी एक माप लोक विसरतात ते उंचीचं. रस्त्याची पातळी, प्लॉटचे चारही कोपरे आणि शहराची सांडपाण्याची वाहिनी किती खोल आहे, हे लिहून घ्या. वाहिनी तुमच्या तळमजल्याच्या संडासापेक्षा वर निघाली तर पाणी उतारावर जाणार नाही, आणि हे नकाशा पास झाल्यावर कळणं फार जड जातं.

मापं हातात आली की शहराच्या नियमावलीतून आपल्या प्लॉटपुरते सहा आकडे काढा: तो कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे आणि पुढे रुंद होणार आहे का, चारही बाजूंना किती जागा सोडायची, जमिनीवर किती टक्के बांधता येतं, एकूण किती क्षेत्र बांधता येतं, आणि कमाल उंची किती. व्यापारी इमारत असेल तर पार्किंग हा सातवा, आणि बऱ्याचदा तोच सगळं ठरवतो.

यातल्या दोन आकड्यांची लोक हमखास गल्लत करतात. समजा प्लॉट ३०० चौरस मीटर आहे, जमिनीवर ५० टक्के बांधायची मुभा आहे आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट एकूण क्षेत्र बांधता येतं तो आकडा, १ आहे. तर तळमजला जास्तीत जास्त १५० चौरस मीटरचा होईल आणि सगळे मजले मिळून ३०० चौरस मीटर. दीडशेचे दोन मजले करा किंवा शंभराचे तीन, पण दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळायला हव्यात. त्यातही उंचीची मर्यादा तिसरा मजला अडवू शकते. सोडायची जागा मोजताना भिंतीपासून न मोजता इमारतीच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागाचा विचार करा: छज्जा, बाल्कनी, बाहेरचा जिना. त्यांना किती बाहेर येऊ द्यायचं हे प्रत्येक शहर वेगळं ठरवतं, म्हणून विचारून घ्या. कच्चा आराखडा घेऊन अर्जाआधीच विभागात एकदा बोला. जे सांगितलं जाईल ते त्याच दिवशी लिहून त्यांना पाठवा, म्हणजे दोन्हीकडे नोंद राहते.

परवानगी लागते की नाही, हा प्रश्न मला रोज विचारतात. रंग किंवा फरशी बदलायला सहसा लागत नाही. कॉलम, तुळई किंवा वजन पेलणाऱ्या भिंतीला हात लावायचा असेल, मजला चढवायचा असेल, बाल्कनी बंद करायची असेल, तर लागते असंच धरून चाला आणि विचारा. वापर बदलणं हेही बांधकामाइतकंच गंभीर आहे, मग एक वीटही हलवायची नसली तरी. २०१३ साली बांगलादेशात सावर इथे राणा प्लाझा कोसळला आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. ती इमारत दुकानं-कार्यालयांसाठी होती. तिथे कपड्यांचे कारखाने आणि जनरेटर बसवले होते, आणि वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. खोलीचं गोदाम करताना जमिनीवर किती वजन येणार, हा प्रश्न अर्जात विचारतात तो याचसाठी. दरवाजांचंही तसंच. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार गेले. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. गर्दीच्या जागेची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि आतून चावीशिवाय उघडणारी हवीत, सुटकेचे मार्ग एकमेकांपासून लांब हवेत. हे नियम वाचताना मला नेहमी वाटतं, यातली ओळ न् ओळ कुणाच्या तरी जिवावर लिहिली गेली आहे.

आता नकाशे. साइट प्लॅन, प्रत्येक मजला, गच्ची, चारही बाजूंची दर्शनी चित्रं, सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसेल तो छेद), स्ट्रक्चरल इंजिनीअरचे नकाशे आणि पाणी-सांडपाण्याचा नकाशा एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. सेक्शन किमान दोन काढा आणि एक जिन्यातूनच घ्या. नवखे लोक तो सोयीच्या ठिकाणून घेतात आणि जिन्याची चूक झाकली जाते. एक हिशोब करून बघा. मजल्याची उंची ३.०६ मीटर असेल तर १७ सेंटिमीटरच्या १८ पायऱ्या चढायच्या. मध्ये चौक (वळायची सपाट जागा) घेऊन नऊ-नऊच्या दोन रांगा केल्या तर प्रत्येक रांगेत २९ सेंटिमीटरचे आठ तळ, म्हणजे २.३२ मीटर. त्यात एक मीटरचा चौक धरला की ३.३२ मीटर झाले, अजून खाली पाय ठेवायची जागा मोजलेलीच नाही. आणि नकाशात जिन्याला दिलेली खोली असते अडीच मीटरची! मग पायऱ्या उभ्या होतात किंवा वरची तुळई डोक्याला लागते. म्हातारं माणूस त्या जिन्यावर रोज चढणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेवा. व्यापारी इमारतीत चाकाच्या खुर्चीसाठी उतार लागतो. तो बहुतेक नियमावल्यांत १:१२ असतो, म्हणजे अर्धा मीटर चढायला सहा मीटर लांबी. ही लांबी सुरुवातीलाच राखून ठेवा.

जुन्या घराला जोडून बांधत असाल तर आहे ते, पाडायचं ते आणि नवीन ते तीन वेगळ्या खुणांनी दाखवा. नकाशा देण्याआधी मी तो छापून घेते आणि पेन हातात धरून बेरजा करते. खोल्या २.७०, २.७० आणि २.८० मीटर, म्हणजे ८.२०, वीस-वीस सेंटिमीटरच्या चार भिंती, ०.८०, बाहेरचं माप ९.०० यायलाच हवं. आलं नाही तर कुठेतरी भिंत विसरली आहे. तोच आकडा साइट प्लॅनवर, मजल्यावर, सेक्शनमध्ये आणि स्ट्रक्चरल नकाशात एकच आहे का, हेही बघते. तपासनीस होते तेव्हा मी सगळ्यात आधी हेच बघायचे.

अर्जाचा फॉर्म सोपा असतो. नाव मालकीच्या कागदावर आहे अक्षरशः तसंच लिहा, सगळ्या सहमालकांच्या सह्या घ्या, काम एका स्पष्ट वाक्यात सांगा. फी भरल्याची पावती जपा.

त्रुटी निघाल्या म्हणून खचू नका. त्या निघतातच. चौदा मुद्द्यांचं पत्र आलं तर चौदा मुद्द्यांचं उत्तर द्या: कोणता मुद्दा, काय बदललं, कोणत्या पानावर. बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ ओढा आणि नकाशाचा सुधारणा क्रमांक वाढवा. न विचारलेलं काही गुपचूप बदलू नका. ते सापडलं की पूर्ण नकाशा पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो, आणि विश्वास गेलेला असतो तो वेगळाच. एखादा नियम पाळणं खरोखरच शक्य नसेल तर सवलतीचा वेगळा अर्ज असतो. त्यात कारण जागेचं द्या, जसं तिरकस प्लॉट किंवा मधून जाणारा नाला. खर्च वाढतो हे कारण सहसा चालत नाही.

या काळात खणायला सुरुवात करू नका. एका कुटुंबाने त्रुटी निघालेल्या असताना पाया भरून टाकला होता. दोन कॉलम सोडायच्या जागेत ३५ सेंटिमीटर आत गेले होते. ते फोडताना त्या घरातली आजी बाजूला उभी राहून बघत होती, ते मी विसरलेले नाही.

मंजुरी मिळाली की तिची मुदत बघा आणि मंजूर नकाशाची एक प्रत जागेवरच ठेवा, मिस्त्रीच्या हाताशी. तपासणीचे टप्पे आधीच लिहून घ्या: पाया, जोतं, स्लॅबची सळई, भिंतीत झाकायच्या आधी नळ आणि वायरी, शेवटी पूर्ण इमारत. काँक्रीट ओतल्यावर सळई दिसत नाही, म्हणून गाडी मागवायच्या आधी तपासणीला बोलवा. जोतं झालं की पुन्हा स्वतः टेप धरा. या टप्प्यावर चूक सापडली तर ती चार-दोन दिवसांत सुधारते. दोन मजले चढल्यावर तसं होत नाही. बांधताना खिडकी सरकवायची झाली तरी आधी सुधारित नकाशा द्या.

काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत राहायला जाऊ नका, दुकान उघडू नका. भिंतींत झाकलेल्या नळांचे आणि सळयांचे फोटो टेप शेजारी धरून काढून ठेवा. ते फोटो, मंजूर नकाशे, तपासणीचे शेरे आणि प्रमाणपत्र एकाच फाईलमध्ये लावा. पुढे एखादी खोली वाढवायची झाली की विभागात पहिल्यांदा हीच फाईल मागतील.