डिझेल फिल्टरच्या बँजो बोल्टखालची गळती: जुनाच तांब्याचा वायसर तापवून बसवला

ट्रॅक्टर सकाळी सुरू व्हायचा आणि दोन मिनिटांत बंद. हातपंप मारून एअर (डिझेलच्या नळीत शिरलेली हवा) काढली की दिवसभर ठीक, रात्रीत पुन्हा एअर. फिल्टरच्या बँजो बोल्टखाली (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो बोल्ट) कायम ओल. बोल्ट आणखी आवळला, टेफ्लॉन टेप गुंडाळली. काही उपयोग नाही. आठवडाभर डोकं उठलं होतं.

दोष वायसरचा. एकदा दाबला गेला की तांबं कडक होतं, मग दुसऱ्यांदा नीट बसत नाही. तापवलं की ते पुन्हा मऊ होतं.

वायसर आधी पुसून कोरडे केले, डिझेलचा थेंबही नको. तारेत ओवून घरातल्या गॅसवर धरले, दिवा मालवून. उजेडात रंग कळत नाही. अंधुक लाल झाले की लगेच पाण्यात. पोलादासारखं तांबं यानं कडक होत नाही, उलट काळी पापडी सुटते. मग काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू गोल गोल घासल्या. खोल चरा असेल तर वायसर फेकाच.

अॅल्युमिनियमचा वायसर असा तापवू नका. तो लाल न होताच ६६० अंशांना वितळतो.

बसवून एअर काढली. तीन आठवडे झाले, बोल्ट कोरडा आहे.