या चुका टाळा : इन्व्हर्टरवर ‘लो बॅटरी’ आलं म्हणजे बॅटरी गेलीच असं नाही

लाईट गेली, पंधरा मिनिटांत इन्व्हर्टर पीं-पीं करायला लागला आणि पडद्यावर ‘लो बॅटरी’ आलं की आपल्याकडे लगेच निकाल लागतो : बॅटरी संपली, नवीन आणा. दुकानदार नाही कशाला म्हणेल? पण तो संदेश फक्त इन्व्हर्टरला काय दिसलं तेवढंच सांगतो. तसं का दिसलं, हे आपणच शोधायचं असतं. किनाऱ्यावरच्या घरात ते शोधायची पहिली जागा म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायचे खुंट.

खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या दमटपणात टर्मिनलवर गंजाची पांढरी-हिरवी, बुरशीसारखी पूड धरते. तिचा रोध मोजायला गेलं तर नगण्य वाटतो, पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून येणारा करंट मोठा असतो. चार पंखे, टीव्ही आणि थोडे दिवे मिळून ५०० वॅटचा लोड धरा. त्यासाठी बॅटरीतून जवळपास ५० अँपिअर निघतात. जोडात ०.०२ ओहम रोध असेल तर तिथेच एक व्होल्ट खाल्ला जातो. बॅटरीवर ११.८ व्होल्ट असताना इन्व्हर्टरला १०.८ दिसतात आणि साडेदहाच्या आसपास तो बंद पडतो. शिवाय त्या जोडात ५० वॅट उष्णता तयार होते, म्हणून वायरचं टोक काळं पडतं. चार्जिंगच्या वेळी गंमत उलटी. बॅटरी भरायच्या आतच चार्जरला व्होल्टेज जास्त दिसतं आणि तो लवकर हात आखडता घेतो.

तपासणी सोपी आहे. लोड चालू असताना मल्टिमीटरच्या पिना आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, मग वायरच्या टोकांवर. दोन आकड्यांत अर्धा-एक व्होल्टचा फरक पडला तर दोष जोडाचा, बॅटरीचा नाही. मग इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, नंतर पॉझिटिव्ह. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून टर्मिनल घासा. हे पाणी सेलच्या आत जाता कामा नये, झाकणं घट्ट हवीत. कोरडं पुसून आधी पॉझिटिव्ह आवळा, मग निगेटिव्ह, आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. खोबरेल तेल नको.

दुसरी चूक मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांची. गणपती झाले, मेन स्विच खाली पाडला, घराला कुलूप. इन्व्हर्टरचा पुढचा स्विच मात्र चालूच! लाईट गेली असं समजून तो बॅटरीवर चालत राहतो, बॅटरी पूर्ण उतरते आणि तशीच शिमग्यापर्यंत पडून राहते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. मग ‘लो बॅटरी’ खरंच बॅटरीमुळे येतं. जाताना बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा, निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. शेजारी किल्ली असेल तर दोनेक महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावायला सांगा.

‘लो बॅटरी’ने बंद पडलेला इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा चालू करून ‘अजून पाच मिनिटं’ पंखा फिरवणं हाही त्यातलाच प्रकार. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. इतक्या दिवसांना घरगुती इन्व्हर्टर पुरत नाही. अशा वेळी तो थोडा आधीच बंद करावा आणि लाईट आल्याबरोबर पूर्ण चार्ज होऊ द्यावा.

घरात लाईट आहे, तरी इन्व्हर्टर बॅटरीवर चालतोय? बहुतेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ (संगणकासाठी) आणि ‘नॉर्मल’ (बाकी घरासाठी) असा निवडीचा स्विच असतो. यूपीएसवर साधारण १८० व्होल्टच्या खाली तो लाईनची वीज नाकारतो आणि बॅटरीवर जातो. लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज तेवढं उतरू शकतं. संगणक नसेल तर नॉर्मल ठेवा, शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंतही तो मेनवरच राहतो.

‘ओव्हरलोड’ आलं की नुसतं रीसेट दाबू नका. मिक्सर, फ्रिज किंवा विहिरीचा पंप त्या लाईनवर कुणी लावलाय का ते बघा. मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते. सगळं बंद करूनही ‘ओव्हरलोड’ किंवा ‘शॉर्ट सर्किट’ येत असेल तर पावसात अंगणातल्या दिव्याच्या होल्डरवर पहिला संशय घ्या. तो वेगळा करून बघा.

बॅटरीत भरायच्या पाण्याबाबत थोडक्यात : डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचं, पागोळीचं, एसीचं नाही आणि ॲसिड तर मुळीच नाही. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे देवघराखालच्या कपाटात, समईच्या जवळ ती ठेवू नये. बंद कपाटात ‘ओव्हर टेम्परेचर’ही येतं.

लाईट येताच इन्व्हर्टर फॉल्ट दाखवून बंद पडत असेल, तर मेनची फेज (करंट असलेली वायर) इन्व्हर्टरच्या लाईनला कुठेतरी जोडली गेली असण्याची शक्यता असते. तिथे स्वतः हात घालू नका, वायरमन बोलवा आणि तो येईपर्यंत इन्व्हर्टरचा प्लग काढून ठेवा.