खांबाची वीज नसलेल्या घरी नातवंडं यायच्या आधी

पाडव्याची गुढी उतरवली की दुसऱ्याच दिवशी सोलरच्या बॅटरीच्या खोलीत जा आणि टोप्या उघडून पाणी बघा. बाकीची यादी त्यानंतर. मागच्या वर्षी आमच्याकडे हेच राहिलं. मुलं आल्याच्या तिसऱ्या रात्री दीड वाजता इन्व्हर्टर शिट्टी मारत बंद पडला, पंखे थांबले आणि उकाड्याला कंटाळून मुलं चटया घेऊन अंगणात झोपली. मे महिन्यात, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या दगडी पठारावर, जिथे विंचूही आहेत आणि फुरसंही. काही झालं नाही, पण व्हायला वेळ लागला नसता. म्हणून हे लिहिते आहे, रत्नागिरीकडच्या सड्यावर लाइन न पोचलेल्या घरात राहणाऱ्या आणि सुट्टीत नातवंडांची वाट बघणाऱ्या सगळ्यांसाठी.

तर बॅटऱ्या. बहुतेक घरांत १२ व्होल्टच्या, १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या असतात. एकेका बॅटरीत सहा खाने, म्हणजे एकूण बारा टोप्या. इंडिकेटरवर विश्वास टाकू नका, त्याचा तरंगता दांडा अडकतो आणि पाणी तळाला गेलं तरी हिरवा दिसत राहतो. टोपी काढा, आत टॉर्च मारा आणि प्लेटा बुडालेल्या आहेत का ते डोळ्यांनी बघा. बाराच्या बारा टोप्या उघडा, कारण एक खाना कोरडा असला तरी अख्खी बॅटरी त्याच्यापायी बसते. प्लेटा उघड्या पडल्या की त्यांच्यावर पांढरा थर धरतो आणि तेवढी ताकद कायमची जाते, नंतर कितीही पाणी घातलं तरी परत येत नाही. हिवाळ्यात तीन-चार महिने पुरणारं पाणी चैत्र-वैशाखात महिन्याभरात खाली येतं. ऊन कडक, खोली तापलेली, त्यात दुपारी बॅटऱ्या भरून झाल्यावरही पॅनेलमधून करंट येत राहतो आणि पाणी वायू होऊन उडतं. म्हणून जे वेळापत्रक दिवाळीला चाललं ते आता चालणार नाही.

पाणी घालायची वेळ दुपारी चारनंतरची, बॅटऱ्या पूर्ण चार्ज झाल्यावर. आधी घातलंत तर चार्ज होताना पातळी चढते, अ‍ॅसिड टोपीतून बाहेर येतं आणि फरशी, स्टँड, टर्मिनल सगळं खातं. एकच अपवाद: प्लेटा उघड्या दिसल्या तर लगेच त्या जेमतेम बुडतील एवढंच घाला, दिवसभर चार्ज होऊ द्या, मग खुणेपर्यंत भरा. टोप्या उघडण्याआधी पॅनेलचा एमसीबी (वीज तोडायचा स्विच) खाली करा, खिडक्या उघडा आणि अर्धा तास थांबा, कारण आत हायड्रोजन साठलेला असतो. जवळ काडी, उदबत्ती, दिवली काही नको. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात जुने कपडे. प्लास्टिकचं नरसाळं घ्या. स्टीलचं दोन टर्मिनलांना एकदम टेकलं तर ठिणगी पडते.

आणि पाणी म्हणजे फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नाही. गाळलेलं नाही, उकळलेलं नाही. आरओचंही नाही, कारण त्यात क्षार उरतातच. आपल्या जांभ्याच्या पाण्यात तर लोह असतं आणि ते बॅटरीला विषच. अ‍ॅसिडही घालायचं नाही, उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. दोन बॅटऱ्यांना एका वेळी पाच लिटरपर्यंत लागू शकतं, म्हणून पाच लिटरचे दोन कॅन तालुक्याहून आणून ठेवा. एक आत्ता घालायला, दुसरा मुलं असतानासाठी. तो दुसरा कॅन आणा. पुन्हा सांगते, दुसरा कॅन आणा. ऐन सुट्टीत त्याच्यासाठी पंचवीस किलोमीटर खाली जावं लागलं तर तुम्ही जाणार नाही, उद्या बघू म्हणाल, आणि तिथेच सगळं बिघडतं.

पाणी घालून दोन-तीन कडक उन्हाचे दिवस गेले की हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) लावा. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलरला १.२४०च्या आसपास रीडिंग यायला हवं. एखादा खाना इतरांपेक्षा ०.०५० नी खाली असेल तर तो गेलेला आहे, आणि ते आत्ता कळलेलं बरं, कारण नवी बॅटरी येऊन बसायला वेळ लागतो. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (टोप्या बंद करून, सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं), कोरडं करा, नट आवळा, वर पेट्रोलियम जेली. हे सगळं मुलं यायच्या तीन आठवडे आधी. तीन दिवस आधी नाही.

आता हिशेब, म्हणजे एवढा आग्रह का ते समजेल. दोन बॅटऱ्या मिळून ३६०० वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, १८०० धरा. एरवी घरात दोघं आणि एक पंखा. मुलं आली की तीन खोल्यांत तीन पंखे. साधा पंखा ७० वॉटचा, तीन पंखे नऊ तास म्हणजे १८९० वॉट-तास. संपलं सगळं. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे ३० वॉटचे, तेच नऊ तास ८१० मध्ये होतात. एका वर्षी एक करत का होईना, पण मुलांच्या खोलीतला आधी बदला. फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला एक युनिटच्या घरात खातो. दिवसा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, रात्री अकरा ते सहा फ्रिज बंद आणि दार उघडायचं नाही. मोबाइल-टॅब सगळे दुपारी बारा ते तीनमध्ये चार्ज करायचे. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण दाखवून सांगा, ती ऐकतात. मीटरवरचा व्होल्टेज रोज सकाळी वाचून फळ्यावर लिहायचं काम मोठ्या नातवंडाला द्या. २४ व्होल्टच्या सिस्टिमला सकाळी २४च्या खाली आकडा दिसला तर त्या रात्री एक पंखा कमी. पण हा सगळा हिशेब बॅटरीत पाणी असेल तरच खरा. कोरड्या बॅटरीत ३६०० वॉट-तास नसतातच, कागदावर असतात.

पॅनेल सकाळी सातच्या आत धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. आंब्याखाली छप्पर असेल तर मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा काचेवर बसतो, तो नुसत्या पाण्याने जात नाही, मऊ फडकं आणि थोडा भांड्याचा साबण लागतो. स्टँड हलवता येणारा असेल तर आता जवळजवळ सपाट करा. रत्नागिरीला मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, हिवाळ्यातला उतार तसाच ठेवला तर ऊन वाया जातं. पाणी निथळण्यापुरता उतार मात्र ठेवा. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, कोरड्या मातीत अर्थिंग लागत नाही आणि वळवाच्या विजा मेमध्येच येतात. गडगडाट ऐकू आला की एमसीबी खाली.

पाण्याचं. माणशी रोज ७० लिटर धरा, सात माणसं म्हणजे पाचशे, आणि मुलं आंघोळीला दुप्पट घेतात. हजार लिटरच्या दोन टाक्या असल्या तर एक कायम भरलेली राहू द्या. मोटार उन्हात चालवायची, अकरा ते दोन, आणि ती चालू असताना मिक्सर नको. अर्ध्या एचपीची मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. पाणी खाली जातं तसा फुटबॉल (पाइपच्या तळाची झडप, फूट व्हॉल्व्ह) उघडा पडतो, तो पाण्यात दीड फूट बुडालेला आणि गाळापासून फूटभर वर हवा. रोज सकाळी पाइप रिकामा सापडत असेल तर फुटबॉलचा वायसर गेला आहे, पाडव्यालाच बदला. पाणी मोटारीपासून सात मीटरच्या खाली गेलं की ती ओढत नाही, नुसती फिरते आणि सील जाळते. विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर मोटार उतरवून घ्या.

विहिरीच्या पाण्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर १४,००० लिटर होतात, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत लगदा करा, पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवू द्या, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा, चुना टाकून द्या. तासाभराने पाणी वापरा. जुनी उघडी पिशवी वापरू नका, तिची ताकद गेलेली असते. विहिरीवर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप, यावर चर्चा नको. कठड्याला दोराने बांधलेली हवा भरलेली ट्यूब असू द्या.

विंचू-सापांकडे नीट लक्ष द्या. उन्हाळ्यात तांबडा विंचू बाहेर पडतो आणि लहान मुलाला तो जिवावर बेततो. डंखानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, ही लक्षणं दिसायची वाट बघू नका, लगेच निघा. प्राझोसिन हे औषध लवकर मिळणं महत्त्वाचं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर उपचार करता करता हे ओळखलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. गोळी घरी द्यायची नाही, डॉक्टर देतील. पण जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि सापाची लस आज आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे मुलं यायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या. नसेल तर पुढचं रुग्णालय कुठलं आणि रात्री किती वेळ लागतो तेही बघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांनाही एकच लस चालते. साप चावला तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. हातपाय हलवू न देता, मुलाला चालू न देता उचलून न्यायचं. १०८ला फोन कुठून लागतो ती रेंजची जागा सगळ्यांना माहीत हवी, आणि फोन चार्ज हवा, म्हणजे पुन्हा बॅटरीच.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. कॉट, मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. भिंतीलगतची कौलं, चिरे, लाकडं, नारळाच्या झावळ्या घरापासून लांब हलवा, आत्ताच, हातात काठी आणि पायात बूट घालून. एक यूव्ही टॉर्च घ्या, अंधारात विंचू तिच्या उजेडात हिरवट चमकतात. झोपण्याआधी पडवी, मोरी आणि चपलांची जागा फिरून बघा. पंखा चालू असेल तर मुलं मच्छरदाणीत राहतात. पंखा बंद पडला की बाहेर येतात. बारा टोप्या त्यासाठी उघडायच्या.

रानमेवा तर मुलं खाणारच. करवंदीच्या जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यायचं, खाली फुरसं असू शकतं. काजूची बोंडं खाऊ द्या, अंगात जुने कपडे घालून, डाग निघत नाहीत. ओले गर मात्र मुलांनी सोलायचे नाहीत, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. बिया भाजताना तेल पेटून उडतं, धूर डोळ्यांत जातो, मुलं धूर जातो त्याच्या उलट बाजूला. झाडावरून काढलेला आंबा देठ मोडून, चीक जाऊ देऊन, धुऊन. फणसाला हाताला तेल.

घराभोवती तीन मीटर गवत काढून जमीन उघडी करा, पॅनेलच्या वायरखालीही. वणवा सांगून येत नाही. गॅसचा जास्तीचा सिलिंडर. ओआरएस. मुलांची नेहमीची औषधं आईबापांना आणायला सांगा.

आदल्या आठवड्यात: मच्छरदाण्या धुणं, टाक्या घासणं, टॉर्चचे सेल, गाद्यांना ऊन. आदल्या दिवशी: टाकी भरा, फ्रिजमध्ये बाटल्या, बॅटरीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. मुलं पोचायच्या दिवशी दुपारी चार वाजता टोप्या एकदा उघडून बघा. तीन आठवड्यांपूर्वी बघितलं होतं हे उत्तर नाही.

आणि पंधरा दिवसांनी, मुलं अजून घरात असताना, त्यांना बाहेर खेळायला पाठवून पुन्हा. दुसरा कॅन तेव्हा लागतो.