मत देण्याआधी: इंदूरच्या कॅथलिक मतदारासाठी

निवडणूक जवळ आली की रविवारच्या मिस्सेनंतर आवारात कोणीतरी फादरांना विचारतेच, "आम्ही मत कोणाला द्यायचे?" फादरांकडून नाव मिळणार नाही आणि ते मिळूही नये. ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्येच सांगितले आहे. शिवाय १९८८ च्या भारतीय कायद्याने धर्मस्थळाच्या जागेत राजकीय प्रचाराला मनाई आहे. मात्र मतदान हे नैतिक कर्तव्य असल्याचे ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा अधिकृत संग्रह असलेला श्रद्धाग्रंथ (कॅटेकिझम) स्पष्टपणे सांगतो, त्यामुळे निर्णयाचा भार आपल्याच सदसद्विवेकबुद्धीवर येतो.

त्या बुद्धीला आधी माहिती पुरवावी लागते. मतदार यादीत आपले नाव आहे का, ते पाहा. घर बदलले असल्यास फॉर्म ८ भरा. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उमेदवारांची शपथपत्रे काढून घ्या आणि घरातल्या सर्वांनी मिळून प्रलंबित गुन्हे, मालमत्ता आणि कर्ज यांचे रकाने पेन्सिल हातात घेऊन वाचा. दहा भाषणांतून कळत नाही ते या कागदांतून कळते.

कसोटी लावताना एकच मुद्दा धरून बसू नका. गर्भातील जीव, कुटुंब, धर्मस्वातंत्र्य, शांतता आणि माणसाच्या सेवेत असलेली अर्थव्यवस्था या साऱ्यांचा एकत्र विचार व्हावा, असे व्हॅटिकनचे २००२ चे टिपण सांगते. केवळ 'आपल्या समाजाला काय मिळेल' एवढेच पाहणे मला तर श्रद्धेशी विसंगत वाटते. सिस्टर राणी मारिया उदयनगर भागातल्या गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी झटत होत्या आणि त्याचसाठी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांना आपल्याच इंदुरात धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा सार्वजनिक हित कशाला म्हणतात हे शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

एकही उमेदवार पटत नसेल, तर 'नोटा' आहे. २०२४ मध्ये इंदूरने त्याला २,१८,६७४ मते दिली. परंतु मोठी हानी टाळणारा उमेदवार समोर असेल, तर त्याचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

निकालानंतर शपथपत्रे टाकून देऊ नका. निवडून आलेल्याचे शपथपत्र जपून ठेवा; पुढच्या वेळी तीच व्यक्ती उभी राहिली, की जुने आणि नवे कागद शेजारी मांडून मालमत्तेचे आकडे ताडून पाहा.