जुन्या मोटरबोटीत पेट्रोलचा वास येतोय? असा शोधा
वास आला की आधी इंजिन, स्विच काहीच चालू करायचं नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते आणि एक ठिणगी पुरते. सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या. मग कोरडं फडकं पेट्रोलच्या होजवरून (रबरी पाइपवरून) घासा आणि हुंगा, फडक्याला वास लागला म्हणजे होजमधून पेट्रोल झिरपतंय, वरून कितीही चांगला दिसू दे, बदलाच. टाकी फुल केल्यावरच वास येतो? मग भरायचा जाड पाइप, त्याचे क्लॅम्प आणि टाकीवरच्या सेंडरचं (पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) गॅस्केट, म्हणजे सील, बघा, माझा पहिला संशय गॅस्केटवरच. टाकीतली हवा बाहेर सोडणारा व्हेंटचा पाइप लोक हमखास विसरतात. सगळं कोरडं निघालं तर टाकीचा तळ बघा, ॲल्युमिनियमची टाकी भोवतीच्या फोमखाली ओल धरून सडते, तिथे ठिगळं लावत बसू नका, टाकीच बदला.