सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. बॅटरी नवी, तरीही

स्कूटर सात वर्षांची. पावसाळ्यात सेल्फचं बटण दाबलं की सीटखालून एकच ‘टक्’, इंजिन फिरत नाही. किक मात्र पहिल्या झटक्यात. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर रिले (बटण दाबल्यावर सेल्फ मोटरला करंट जोडणारा स्विच), शेवटी सेल्फ मोटरचे कार्बन ब्रश. दोन दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. वैताग आला होता.

मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घेतला, २० व्होल्ट डीसीवर ठेवला. स्कूटर मेन स्टँडवर, ब्रेक दाबून सेल्फ मारला. बॅटरीच्या दोन टोकांत १२.३ व्होल्ट, फारसे उतरलेच नाहीत! म्हणजे मोटरपर्यंत पुरेसा करंट जातच नव्हता. आता मीटरचा एक प्रोब (टोकदार वायर) बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ: ९ व्होल्टच्या वर. ही दोन टोकं वायरने जोडलेलीच असतात, त्यामुळे इथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. चोर अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या धातूला जिथे जोडतात तिथे.

चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. तिचं दुसरं टोक चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जिथे बसतं तो बोल्ट १० नंबरच्या पान्याने सोडवला. रिंगखाली हिरवट पूड आणि गंज, वरून काहीच दिसत नव्हतं. रिंग आणि चेसिसची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट घट्ट केला, मग वरून व्हॅसलिन (आधी लावू नका). निगेटिव्ह शेवटी जोडली.

आता सेल्फ मारताना तिथे ०.२ व्होल्ट. खर्च पॉलिश पेपरचा. नवी बॅटरी उगाच घेतली.