ताडपत्री घरात, ढीग वावरात: मार्च ते मे वादळी पावसाचा सल्ला

गारपीट कुणाच्या हातात नाही, हे सगळ्यांनाच कळतं. मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. हळद शिजवून वाळत घातलेली, कांदा उपटून वावरात ढीग लावलेला, हरभऱ्याची सुडी उघडी. आणि ताडपत्री? ती घरी, माळ्यावर, नीट घडी घालून. सकाळी मोबाईलवर इशारा आलेला असतो, वाचलेलाही असतो. मग दुपारी चारला आभाळ फुटतं आणि संध्याकाळी फोन येतो, "साहेब, सकाळी तर कडक ऊन होतं हो."

अहो, ते सकाळचं कडक ऊनच दुपारचं वादळ शिजवतं. जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा खाली साचलेली असते, वर थंड कोरडी हवा असते. खालची हवा एकदा उसळली की तासा-दीड तासात ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. म्हणून या तीन महिन्यांत सकाळचं आभाळ बघून दुपारचा निर्णय घेऊ नका.

ढिगाचा विषय मी इतका का लावून धरतो, तेही सांगतो. उभं पीक झोपलं तर पंचनामा होतो. काढून ठेवलेला माल भिजला तर बहुधा कुणी तो कागदावर घेत नाही. म्हणजे खत, पाणी, मजुरी, काढणी असा सगळा खर्च ज्या मालावर होऊन गेलाय, नेमका तोच माल सर्वांत उघडा. उभ्या गव्हावर गारा पडल्या तर आपण काही करू शकत नव्हतो. ढिगाचं तसं नाही.

आजच करायचं

ताडपत्री घरातून काढून जिथं माल आहे तिथं न्या. मेअखेरपर्यंत ती तिथंच राहील. चोरीची भीती असेल तर रोज सोबत न्या-आणा, पण दुपारी बारा ते सात ती ढिगाच्या हाताशी हवी.

मग एकदा घड्याळ लावून रंगीत तालीम करा. दोन माणसं, एक ढीग. झाकून, दोर आवळून, कडेला वजन ठेवून किती मिनिटं लागली? मी जिथं जिथं हे करायला लावलं तिथं लोक आधी हसले. "दहा मिनिटांचं काम" म्हणणाऱ्यांना पस्तीस-चाळीस मिनिटं लागली, कारण दोर सापडत नव्हता, ताडपत्रीला भोक होतं आणि ढीग एका ताडपत्रीत मावतच नव्हता. हे वादळात कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

ढीग कसा असावा:
- उंचवट्यावर, खाली विटा किंवा लाकडी फळ्या
- चारही बाजूंनी वीतभर खोल चर, उताराकडे तोंड
- लांबट आणि अरुंद. गोल डोंगर नको
- वाऱ्याकडची बाजू आधी बांधायची, मग बाकीच्या
- कडेला सुटे दगड नकोत, मातीने भरलेली पोती. सुटा दगड वाऱ्यात ताडपत्री फाडतो

वादळ कुठं आहे, हे बघायचं कसं

हवामान विभागाचा सकाळचा जिल्हा अंदाज रंगात येतो. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा दिसला की लोक सोडून देतात, तिथंच फसतात. पिवळा म्हणजे "लक्ष ठेवा". जिल्ह्यातल्या सगळ्या गावांत पडेलच असं नाही. ज्या दोन-चार गावांत पडेल तिथं तो लालच असतो.

खरी कामाची गोष्ट दुपारी सुरू होते. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा काढतो. विजा, ताशी 30 ते 40 किंवा 40 ते 60 किलोमीटर वारा, गारा, असं त्यात लिहिलेलं असतं. तो दुपारी एकला बघा, मग दर तासाला, सूर्य मावळेपर्यंत. घरातल्या शाळा-कॉलेजच्या पोराकडे हे काम द्या. पोरं मोबाईल सोडत नाहीतच, त्याचा उपयोग तरी होऊ दे.

याच्या पुढची पायरी रडार. मुंबई आणि नागपूरच्या रडारची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. शिकायला एक दुपार पुरते. लाल-जांभळा ठिपका म्हणजे जोरदार ढग. बाजूच्या पट्टीवर 50 च्या वरचा रंग दिसला तर गारांची शक्यता धरून चाला. एक चित्र बघा, तो ठिपका कोणत्या तालुक्यावर आहे ते लिहा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. समजा तो अर्ध्या तासात 20 किलोमीटर तुमच्याकडे सरकला आणि अजून 40 किलोमीटर लांब आहे, तर तुमच्या हातात एक तास आहे. तालमीत झाकायला चाळीस मिनिटं लागली होती ना? मग चहा नंतर.

"आमच्याकडे वादळ नेहमी पश्चिमेकडूनच येतं" यावर विसंबू नका. मे महिन्यात पूर्वेकडून चालून येणारे ढग मी पुष्कळ बघितलेत. आणि पुष्कळदा ढग कुठून येत नाही, डोक्यावरच तयार होतो. त्या दिवशी रडार एक तास देत नाही, वीस मिनिटं देतं. म्हणून पिवळा इशारा असेल त्या दिवशी दुपारी दोनलाच ढीग झाकून टाका. नाही आलं वादळ तर काय बिघडलं?

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप घ्या. आपल्या आसपास वीज पडतेय का ते सांगतं, फुकट आहे. "मेघदूत" ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. पैसे घेऊन "तुमच्या गट नंबरचा अचूक गारपीट अंदाज" देणाऱ्या सेवा आता गावोगाव फिरताहेत. गटवार गार कुठं पडेल हे आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही. ते पैसे दुसऱ्या ताडपत्रीला घाला.

माझे स्वतःचे काही आडाखे आहेत. शास्त्र म्हणून सांगत नाही, वावरात उभं राहून जमवलेले आहेत. रात्री उकाड्याने झोप लागली नाही आणि सकाळी दहा-अकरालाच कापसाच्या बोंडांसारखे ढग आडवे पसरायच्या ऐवजी उभे वाढायला लागले, की दुपार धोक्याची. ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला, की तो पिकला. वारा एकदम पडतो, पान हलत नाही, आणि मग ओल्या मातीचा वास घेऊन गार झोत अंगावर येतो. त्या झोतानंतर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यात फक्त माणसं आणि जनावरं हलवायची. ढिगाकडे पळायची वेळ तेव्हा गेलेली असते. हिरवट ढग म्हणजे गारा, असं जुनी माणसं म्हणतात. काही वेळा खरं ठरलंय, काही वेळा नाही.

आणि एकदा येऊन गेलं म्हणजे संपलं, असं समजू नका. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट पुन्हा पुन्हा येत राहिली. पहिल्या दिवशी वाचलेला माल चौथ्या दिवशी गेला, कारण मधल्या उन्हात ताडपत्री परत घरी गेली होती.

पीकवार, थोडक्यात

- कांदा: इशारा असेल तर उपटू नका, पाणी बंद ठेवा. उपटलेला असेल तर ढीग करून झाका. पात कापताना दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवा. भिजलेला कांदा चाळीत टाकू नका, आधी विका.
- हळद: शिजवायची घाई करू नका, वाळायला बारा-पंधरा दिवस लागतात, तेवढा अंदाज बघून चूल पेटवा. रोज संध्याकाळी ढीग करून झाकणे.
- गहू, हरभरा: कापणी आणि मळणी यात दिवस घालवू नका.
- द्राक्ष, बेदाणा: शेडचे पडदे आणि दोर तपासणे.
- आंबा: तयार फळ उतरवून घेणे.
- केळी: घड लागलेल्या झाडांना बांबू किंवा पट्टीचा आधार.

वाऱ्याने पाडलेलं वाचायला शिका

झाडं पडली की बातमीत "चक्रीवादळाने नुकसान" येतं. चक्रीवादळ समुद्रावरून येतं आणि शेकडो किलोमीटरवर पसरलेलं असतं. तुमच्या शिवारात दहा मिनिटांत जे होऊन जातं ते बहुतेक वेळा ढगातून खाली कोसळलेला थंड वारा असतो. जमिनीवर आपटून तो चहूकडे पसरतो. खरा टोर्नाडो, म्हणजे जमिनीला टेकलेला फिरता वारा, आपल्याकडे क्वचित. आपल्या देशात तो जास्त करून पूर्वेकडे होतो; 31 मार्च 2024 ला पश्चिम बंगालच्या जलपायगुडीत झाला होता.

ओळखायचं कसं? बागेत उभे राहा. केळीची झाडं सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरून झोपली असतील तर सरळ वारा. अरुंद पट्ट्यात एकमेकांवर आडवीतिडवी, पिळवटून पडली असतील तर फिरता वारा. हे कुतूहल म्हणून सांगत नाही. कोणत्या दिशेने झोडपलं ते दरवर्षी वहीत लिहा: तारीख, वेळ, दिशा, गारेचा आकार (हरभरा, बोर, लिंबू), किती मिनिटं. तीन-चार वर्षांत तुमच्या बांधाची वाईट बाजू कळेल. शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी त्या बाजूला दाट लावा. वाराअडवणीचा फायदा तिच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत मिळतो. केळीवाल्यांनो, याला खर्च काय येतो? काही ठोंबं आणि एक दिवस.

गारपिटीनंतर

आधी फोटो, मग साफसफाई. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून, तारीख-वेळ दिसेल असे. लांबून एक, जवळून दोन-तीन. शंभर झाडं मोजा, किती गेली ते लिहा, कारण मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावं लागतं. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत दोन हेक्टरपर्यंत कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, फळबागेला 22,500 रुपये ठरले होते. राज्य कधी वाढवून देतं. ई-पीक पाहणी झालेली नसेल तर पंचनाम्यात अडाल. ती आताच करा.

विम्यावर डोळे मिटून बसू नका. राज्यातला एक रुपयाचा विमा बंद झाला आणि 2025 च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे काही निवडक वावरांत कापून मोजलेल्या, उत्पादनावर आली. तुमच्या एकट्याच्या वावरातल्या गारांचं तुमच्या पॉलिसीत काय, ते आजच विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात "गारपीट किट" तयार असतं. तीन बाटल्या, एक पुडी, रंगीत कागद. झाड जखमी असताना ते टॉनिक पीत नाही. एवढं पुरे आहे:
- साचलेलं पाणी काढणे
- मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापून 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर)
- पानं सुकल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा मँकोझेब 2.5 ग्रॅम प्रति लिटर, दोन्हींपैकी एकच. लेबलवर तुमचं पीक आणि काढणीपूर्वीचे दिवस बघून
- पाच-सहा दिवसांनी नवी पालवी हलली तर 19:19:19 हे विद्राव्य खत, 5 ग्रॅम प्रति लिटर

काढणीला आलेल्या द्राक्षावर यातलं काही मारू नका. आकाशात धडाके करून गार फोडणारी यंत्रं विकणाराही कधी येतो. त्यांनी गारा थांबल्याचा पुरावा नाही. गारपीट जाळी मात्र खरी आहे. द्राक्ष-डाळिंबाला परवडत असेल तर घ्या, कांद्याला नाही.

विजा

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीनाला एक किलोमीटर. तीसच्या आत आला तर काम बंद, पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. बैल झाडाखाली बांधू नका. पत्र्याच्या शेडचा, झाडाचा आसरा नको. अकोल्याच्या पारसला एप्रिल 2023 मध्ये वाऱ्याने कडुनिंब पत्र्याच्या शेडवर पडून सात माणसं गेली. गडगडायला लागलं आणि ढीग अजून उघडाच असेल, तर तो गेला असं समजा आणि घर गाठा.

आणि सकाळी ताडपत्री काढायला विसरू नका. रात्री वाचवलेला कांदा दुसऱ्या दिवशी उन्हात प्लास्टिकखाली घामेजून सडलेला मी बघितलाय. सकाळी सातला दोन्ही टोकं उघडा, नऊपर्यंत पूर्ण काढा, खालचा थर हात घालून बघा. ओला लागला तर तो वेगळा पसरा. ताडपत्री तिथंच वाळवून, गुंडाळून, दोरासकट ढिगाशेजारी ठेवा.